डाव्या बाहीचा अर्धा इंच

मी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कापड बेतणे (आता निवृत्त), जिला गल्लीत आणि कारखान्यात सगळे कात्रीबाई म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक दाखवलेला नाही, की गोडगोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. देण्यासारखे काही आहे हेच उशिरा लक्षात आले.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मोरी, तसेच बँकेत जे काही असेल ते, माझ्या थोरल्या बहिणीच्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. मागच्या खोलीचे दार ओल धरली की फुगते. ते किंचित उचलून ओढावे, लाथ मारू नये.

कलम दोन. शिवणयंत्र समोरच्या इस्त्रीवालीला द्यावे. तसेही ते सहा वर्षे तिच्याकडेच असते. सुई बदलत जा म्हणून हजारदा सांगून झाले, आता मेल्यावर तरी ऐकेल.

कलम तीन. मोठी कात्री भाचीला. ती तिच्या आईची आहे. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, ताई चौदाची. जुन्या चादरीवर कोळशाने रेघ ओढून तिने मला बेतायला शिकवले. माझा हात चुकला की ती रागवायची नाही, नुसती चादर उलटी करायची. माझी वेणी घातली तिने, शाळेत नाव घातले तिने, आणि कारखान्यात पहिल्या दिवशी दारापर्यंत सोडायला आली तीही तीच. या कात्रीने कागद कापू नये.

कलम चार. हे मालकांविषयी. वकील म्हणाले, गाळा. मी गाळत नाही.

ताई गेल्याचा फोन कारखान्यात सकाळी साडेदहाला आला. मी मालकांच्या टेबलापाशी गेले.

"मालक, माझी बहीण गेली. तीन दिवस सुट्टी द्या."

"सख्खी?"

"सख्खी."

"लग्न झालेली?"

"हो."

"मग ती त्या घरची. नियमात आईवडील, नवरा, मुलं. बहीण कुठंय त्यात? आणि बँडवाल्यांचे चाळीस कोट परवा जायचेत. तुम्ही गेलात तर बेतणार कोण? जा, दोन मिनिटं चहा घेऊन या."

चाळीस कोट मी बेतले. एकाही कोटात खोट नव्हती.

आमच्याकडे प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मापाचा खाकी कागद खिळ्याला टांगलेला असतो आणि त्यावरूनच कापड कापतात. मालकांचाही होता, कारण ते आपले कोट कारखान्यातच फुकट शिवून घेत. त्याच आठवड्यात मी त्यांच्या कागदावरची डावी बाही अर्धा इंच कमी केली. कापड कापले असते तर एक कोट बिघडला असता. कागद कापला की सगळेच बिघडतात.

"बाही आखूड झाली का हो?" मालक आरशासमोर म्हणाले.

मी टेप लावला. "कागदाबरहुकूम आहे, मालक. हात वाढला असेल."

"या वयात?"

"कुणाचं काय वाढेल, सांगता येतं का?"

पुढची बावीस वर्षे मालक डावा हात खिशात घालून हिंडले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हात सारखेच आहेत, तर त्यांनी डॉक्टर बदलला. मी निवृत्त झाले तरी कागद खिळ्यावरच राहिला. माझ्यामागून आलेल्या पोरी त्यावरूनच बेतत राहिल्या. मी घरी बसून पोटभर हसत असे.

मग त्यांची बायको गेली. कारखाना तीन दिवस बंद ठेवला. मी गेले होते. मालक तिच्या पायाशी उभे होते आणि उजव्या हाताने डावी बाही सारखी मनगटावर ओढत होते. मला हसू यायला हवे होते. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना तिथे उभे राहायला मिळाले होते.

सबब, कपाटातील गुंडाळी मालकांना द्यावी. त्यात त्यांच्या मापाचा नवा कागद आहे, दोन्ही बाह्या सारख्या. सोबत चिठ्ठी आहे: "तुमचे हात पहिल्यापासून सारखेच आहेत." मी माफी मागत नाही, त्यांनीही मागू नये.

कलम पाच. भाचीस. तू विचारले होतेस, "मावशी, आईला तुझ्यासाठी संध्याकाळपर्यंत ठेवलं होतं, का नाही आलीस?" मी म्हणाले, मालकांनी सोडले नाही. तू विश्वास ठेवलास, त्यांना चार शिव्याही घातल्यास. बेटा, ते अर्धेच खरे आहे. मालकांनी सुट्टी नाकारली, पण दार लावले नव्हते. माझ्या टेबलावरून बसथांबा दिसायचा. त्या दिवशी तुमच्या गावच्या दोन गाड्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. मला नोकरीची भीती वाटली आणि मी मान खाली घालून कापत बसले. मालकांना शिक्षा दिली, स्वतःला द्यायला जमले नाही.

ताईच्या खांद्याचे माप मला अजून पाठ आहे, साडेचौदा. रस्त्यात कुणाची पाठ तशी दिसली की मी मागेमागे जाते, या गुडघ्यांनीसुद्धा. मला तिला शेवटचे बघायचे होते. अजून बघायचे आहे.

माझी बातमी येईल तेव्हा तूही कामावर असशील. कोण गेले, असे तुला विचारतील. मावशी म्हणालीस की तेही म्हणतील, नियमात बसत नाही. तेव्हा वाद घालू नकोस, अर्ज लिहीत बसू नकोस. ऊठ आणि ये.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आणि एकदा रडले. तो मला मान्य आहे.

सही: कात्रीबाई (कागदोपत्री नाव पाकिटावर)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार २: निवृत्त पोस्टमन, शेजारी (सही)
इस्त्रीवाली सही करायला आली होती. तिला यंत्र मिळणार असल्याने साक्षीदार होता येत नाही म्हणून फुरंगटून गेली.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: १४ नोव्हेंबर २०२२, सोमवार