पाचवी अट

प्रिय छोट्या,

फोनवर बोलले असते, पण अण्णा पलीकडच्या खोलीत आहेत आणि त्यांच्या कानांना अजून काही झालेलं नाही. म्हणून लिहितेय. कुरियरवाला म्हणाला, परवा गुरुवारी पोचेल. उभ्याउभ्या वाचू नकोस, जरा बस.

शुक्रवारी मी निघतेय. खरं तर गाडी निघतेय म्हणायला हवं; तिचे सहा महिने भरले. येताना सीमेवरच्या साहेबाने माझी चौकशी दोन मिनिटांत उरकली आणि गाडीची अर्धा तास केली. नंबर प्लेट, इंजिनचा नंबर, रंग, परत कधी नेणार. शेवटी माझ्याच पासपोर्टात गाडीचा शिक्का मारला आणि म्हणाला, बाई, आता दोघींनी बरोबरच बाहेर पडायचं, तिला मागे टाकून जाता येणार नाही. मी म्हटलं, लग्नातसुद्धा कुणी इतकं बजावलं नव्हतं. तो हसला नाही. एक फॉर्म हातात ठेवला. त्यावर बारीक अक्षरात चार अटी होत्या. गाडी सहा महिन्यांत देशाबाहेर न्यायची, विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, आणि जिने आणली तिनेच चालवायची, इथल्या रहिवाशाने नाही.

अण्णांचं तुला माहीतच आहे. एकतीस वर्षं बस चालवली, पण सुटायच्या वेळेआधी अर्धा मिनिटही कधी बाहेर काढली नाही. आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई सांगतात की डावीकडचं दिसणं गेलंय, चष्म्याने परत येणार नाही, गाडी बंद करा, तर म्हणतात, ती कालची पोर, मला रस्ते पाठ आहेत, बघायचंय कशाला? तूही त्यांचीच री ओढलीस. ताई, त्यांच्याकडे दुसरं उरलंय काय, चालवू दे की, म्हणालास. तेव्हा मी गप्प बसले. का बसले ते सांगते, पण आधी माझी करामत ऐक.

मी आल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ते किल्ली घेऊन दारात उभे. मी म्हटलं, थांबा, आधी हा फॉर्म ऐका. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, पण ते कबूल करायचं नाही. चष्मा वर राहिलाय, तूच वाच, म्हणाले. मी चार अटी वाचल्या. आणि त्याच आवाजात, त्याच दमात पाचवीही वाचली. परदेशी गाडी ज्या घरी मुक्कामाला असेल, त्या घरची दुसरी गाडी तोवर रस्त्यावर आणता येणार नाही. कागदावर असलं काहीही नव्हतं. माझ्या तोंडून ते इतकं सरकारी निघालं की माझं मलाच नवल वाटलं. अण्णांनी एवढंच विचारलं, खाली शिक्का आहे? शिक्का होता. ते अंगणात गेले, गाडीवर कव्हर घातलं आणि चारी दोऱ्या बांधल्या. डॉक्टरीणबाईंना वर्षभरात जमलं नाही ते मी पाच मिनिटांत केलं, म्हणून मी खूश झाले होते रे.

माझ्या गाडीचं स्टीअरिंग इथल्या गाड्यांच्या उलट बाजूला. त्यामुळे अण्णा माझ्या शेजारी बसले की नेमके आपल्या जुन्या जागेवर बसायचे, फक्त समोर चाक नसायचं. रस्त्यावरच्या ओळखीच्यांना वाटायचं, म्हातारा अजून चालवतोय. ते हात करायचे, अण्णाही ऐटीत हात करायचे. मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा पाय खाली दाबलेला असायचा. अगं, क्लच आहे तो, उंबरठा नव्हे, पाय उचल की, हे रोजचं. सायकलवाला आला बघ, हेही रोजचं, पण सायकलवाला उजवीकडून आला तरच. डावीकडचे सगळे माझ्या एकटीच्या वाट्याला.

गाडी बाहेर नेताना तो फॉर्म परत द्यावा लागतो. आज तो काढायला मी अण्णांच्या कागदांचा खण उघडला. फॉर्मखाली कस्टम कचेरीचं पाकीट होतं, अण्णांच्या नावाचं, फोडलेलं, पाच आठवड्यांपूर्वीचं. आत त्यांच्याच अर्जाची प्रत. शेजारच्या टाइपिस्ट काकूंकडून टाइप करून घेतलेली. माझ्या मुलीच्या गाडीस आणखी सहा महिने मुदत मिळावी, तोवर मी स्वतःची गाडी नियमाप्रमाणे बंद ठेवण्यास तयार आहे. आणि खाली कचेरीचं उत्तर. मुदत वाढवता येत नाही. अर्जदाराने स्वतःच्या गाडीबाबत उल्लेखलेला नियम अस्तित्वात नाही.

मी तशीच कुंपणाशी जाऊन काकूंना विचारलं. उत्तर त्यांनीच वाचून दाखवलं होतं. अण्णा म्हणे इतकंच म्हणाले, शेवटची ओळ पुन्हा वाचा. मग पाकीट घेऊन घरी आले.

मी राहावं म्हणून त्यांनी आणखी सहा महिने गाडी सोडायची तयारी केली, आणि त्या बदल्यात त्यांना कळलं की मुलगी खोटं बोलली. पाच आठवडे हा माणूस रोज सकाळी कव्हरची दोरी घट्ट करतोय, माझ्या शेजारी येऊन बसतोय आणि अवाक्षर काढत नाही. रागावले असते तर सुटले असते मी. मनातून त्यांनी गाडी सोडली असेल, असं दिवसभर स्वतःला समजावत होते. पण गेल्या आठवड्यात मेकॅनिक येऊन त्यांची बॅटरी चार्ज करून गेला. म्हणजे ते माझी लाज राखतायत, शुक्रवारपर्यंत. पुढे काय, हे विचारायला तोंड उघडते आणि भाजीत मीठ कमी आहे का विचारते.

आणि शनिवारी तू तुझ्या लेकीला, चिमणीला, आजोबांकडे यायला एकटीला रेल्वेत बसवून देणार आहेस. स्टेशनवर मी गाडी घेऊन येतो, असं अण्णांनी तिला कबूल केलंय, हे आज दुपारी तूच फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलंस. म्हणून हे पत्र. आता लिहितेय ते अण्णांना दिलेला शब्द मोडून लिहितेय. मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी ते मला बाजारात घेऊन निघाले होते. शाळेजवळच्या क्रॉसिंगवर डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत आली. ऊन लख्ख होतं, रस्ता मोकळा होता आणि अण्णांनी वेगसुद्धा कमी केला नाही. मी किंचाळले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. बाबागाडीचं पुढचं चाक बंपरखाली वाकलं. बाळ झोपलेलंच होतं, जागंही झालं नाही. आम्ही घरी आलो. पायरीवर अण्णा माझा हात धरून म्हणाले, छोट्याला कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा किल्ली घेऊन दारात उभे! उद्या जेवताना मी त्यांना सगळं तोंडावर सांगणार आहे, तुला लिहिलंय हेसुद्धा. तरी ते ऐकतील याची खात्री नाही. चिमणीला एकटीला पाठवू नकोस, तू बरोबर ये. ते गाडी घेऊन स्टेशनवर उभे असले तर तिच्यादेखत किल्ली मागू नकोस. बाजूला घे आणि तिथून तिघं टॅक्सीने घरी या. माझ्याबद्दल ते काय वाटेल ते बोलतील. बोलू दे, मध्ये पडू नकोस.

तुझीच,
शब्द न पाळलेली ताई