निकोलच्या आंघोळीचं पाणी

गिल्बर्ट, तुझ्या मेहुण्याला आवर, नाहीतर मी त्याला विहिरीत ढकलून देईन, तेवढंच ते पाणी आणखी खराब! (इकडे मरोळला बाकी सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? गोराईच्या हवेत सकाळी उघडा बसू नकोस. तुझ्या बायकोला आशीर्वाद. येशू तुम्हाला सुखात ठेवो, आता पुढचं ऐक.)

पाठीमागचा रंगाचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली, तरी त्याचं केमिकल जमिनीतून आपल्या विहिरीत उतरतंय. पाणी तांबूस, वास औषधाचा. आणि महिन्यावर निकोलचं लग्न. आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायचं, मामाने कळशी भरायची, त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. आईने मला घातलं होतं. निकोल म्हणते, "मम्मी, नळाचं घे ना, पाणी ते पाणी." मी म्हटलं, लग्न तुझं, पाणी माझं.

म्हणून कॉलेजात पाण्यावर प्रयोग करणाऱ्या त्या गंधालीला मी अंगणात येऊ दिलं. ती नारळाच्या करवंट्या बंद डब्यात, हवा लागू न देता भाजते. त्याचा कोळसा पिंपात भरून त्यातून विहिरीचं पाणी सोडते, गाळलेलं परत विहिरीत. म्हणते, आंटी, या कोळशाला डोळ्याला न दिसणारी भोकं असतात, विष त्यात जाऊन बसतं. (म्हणजे आपल्या गावठाणातल्या खोल्या. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही.) गेल्या आठवड्यात पिंपाखालून पाणी आलं ते मी बाटलीत धरलं. पलीकडे माझं बोट दिसलं. वास कसलाच नाही. तेव्हापासून दुपारी भांडी तशीच टाकून विहिरीच्या कठड्यावर बसते. वाटतं, या कारखान्यांच्या, मेट्रोच्या, विमानांच्या खाली एक काळोखी नदी चाललीय, आणि ती आपल्या अंगणात येऊन तोंड धुते. डोळ्यांपुढे आई पदर खोचून दोर ओढतेय, कळशी वर येतच नाही, आणि तिला घाई नाही, मलाही नाही. मला, गिल्बर्ट, जिला रिक्षा सिग्नलला थांबली तरी राग येतो!

आणि रविवारी माझ्या या नवऱ्याने, डॅरिलने काय केलं? चर्चमधले चार दोस्त बोलावले आणि गंधालीच्या कोळशावर बांगडे भाजले! (पोतं नवं होतं, विष प्यालेलं नव्हतं, म्हणून जिवंत आहेत.) वर मला हाक मारतो, "आयरीन, बघ, धूरच नाही, झकास!" सोमवारी गंधालीने रिकामं पोतं बघितलं. "आंटी, पंधरा दिवसांचं काम होतं हो," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तुझी बहीण,
आयरीन

ता.क. तुझ्या वाडीतल्या करवंट्या पाठव. चार पोती, सुक्या. गंधाली परत भाजायला तयार आहे.

ता.क. पोतं मीच फोडून दिलं होतं. मसालाही मीच लावला. गंधालीकडे बोलू नकोस.

ता.क. खरं काम हे. पाण्याची शेवटची तपासणी लग्नाच्या दोन दिवस आधी होईल. तो रिपोर्ट मला न देता तुला द्यायला मी गंधालीला सांगितलंय. चांगला आला तर विहिरीतून भर. खराब आला तर नळाची कळशी कठड्याआड लपवून ठेव आणि बँड वाजायला लागला की वर काढल्यासारखी दाखव. मी तेव्हा बँडवाल्यांकडे बघत असेन. कुठलं पाणी होतं ते मला कधीच सांगायचं नाही, मी भांडले तरी नाही. जमेल की नाही, गुरुवारपर्यंत कळव.