बाबांनी तुमचं बपेऱ्याचं घर आमचं म्हणून सांगितलं, त्याबद्दल

लाखनी,
रविवार

तीर्थस्वरूप कुंताआत्याबाई यांना हर्षाचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? मामांच्या गुडघ्याला आराम पडला का? तुमची धानाची रोवणी आटोपली असेल. आसगावला काकांची एक बांधी अजून बाकी आहे, पण ते म्हणतात, होऊन जाते. आई बरी आहे. बाबांचं वेल्डिंगचं दुकान ठीक चाललं आहे. फोन सोडून पत्र लिहिण्याचं कारण असं, की मी तुमच्याशी फोनवर बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर सुरू करायला लावतात. शेजारचे जागेश्वरभाऊ उद्या सकाळी गाडी घेऊन तुमच्याकडून पुढे बालाघाटला जाणार आहेत, त्यांच्या हाती हे पाठवते. मामांना वाचून दाखवायला हरकत नाही, पण ते मोठ्यानं हसतात, तेव्हा आधी दार लावून घ्या.

हे लाखनीचं घर घेताना बाबांनी इथल्या एका पतसंस्थेचं कर्ज काढलं, हे तुम्हाला माहीतच आहे. आता एक बँक तेच कर्ज कमी व्याजानं आपल्याकडे वळवून घ्यायला तयार आहे. मी बी.कॉम. झाले (घरात पहिलीच, हे तुम्ही अख्ख्या बपेऱ्यात सांगितलं, त्याचा आनंद आहे आणि हल्ली थोडी भीतीही वाटते), म्हणून हे काम माझ्यावर आलं. ते करताना माझ्या वाचनात आलं, की पहिलं घर घेणाऱ्याला सवलत असते आणि घर बाईच्या नावावर असलं तर आणखी चांगलं. मी लगेच बाबांना म्हटलं, कर्ज वळवताना घरावर आईचंही नाव चढवू या. आत्याबाई, मला खरं तर सवलतीपेक्षा ते नावच पाहिजे आहे. या घराच्या भिंतींना आईनं पाणी मारलं, फरशी तिनं निवडली आणि दारावर मात्र बाबांचं ‘भैय्यालाल’ एवढंच नाव आहे. आई कधी काही मागत नाही. पण मी विषय काढला त्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, ‘माह्या नावाचं एक दार असतं त बरं वाटलं असतं.’ आणि लगेच, ‘जाऊ दे, सहज म्हनलं.’

बाबांचं उत्तर तुम्हाला न सांगताही कळेल. ‘सवलत भेटत असन त टाकू नाव. नसन भेटत त कायले कागद खराब करता?’

म्हणून सवलत भेटते का, हे शोधायला मी निघाले आणि अजून परत आलेली नाही. बँकेतल्या सरांनी सांगितलं, कर्ज नवीन आहे, तेव्हा अर्ज करून पाहा, मीही वरिष्ठांना विचारून सांगतो. पतसंस्थेतल्या सरांनी सांगितलं, घर जुनं आहे, तेव्हा विसरा. मी घरी येऊन विचार केला, की कर्ज नवीन आणि घर जुनं, तर सवलत दोन्हींपैकी कशाकडे पाहून देतात? (हा प्रश्न मला परीक्षेत आला असता तर मी दोन्ही उत्तरं लिहून आले असते.) मग भंडाऱ्याला एका करसल्लागारांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट असते, ती जुनं कर्ज फेडायला काढलेल्या नव्या कर्जावरही मिळू शकते, असं म्हणाले. मला इतका आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, ‘वडील इन्कम टॅक्स किती भरतात?’ मी म्हटलं, भरत नाहीत, तेवढं उत्पन्नच नाही. ते म्हणाले, ‘मग सूट कशातून देऊ?’ बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, सूट भेटत असेल तर आपण टॅक्स भरायला सुरुवात करू. त्यांना समजावता समजावता मीच दोनदा त्यांच्या बाजूची झाले.

म्हणजे टॅक्सची सूट गेली. राहिली सरकारची पहिल्या घराची सवलत, आणि तिची एक अट मात्र सगळ्यांनी सारखीच सांगितली: कुटुंबाच्या मालकीचं दुसरं पक्कं घर कुठेही नको. ही अट आपल्यासारखी पूर्ण कोण करणार? आसगावचं घर काकांच्या नावावर. आमचं हे एकच. मी निर्धास्त होते. बँकेचा माणूस मंगळवारी चौकशीला येणार होता.

इथे मला शकुनबाईंबद्दल सांगावं लागेल. समोरच्या शकुनबाई लग्नं जुळवतात, हे तुम्ही मागच्या खेपेला पाहिलंच. त्यांनी बाबांच्या कानात घालून ठेवलं होतं, की साकोलीकडचं एक स्थळ आहे, मुलाकडचे कोणत्याही दिवशी न सांगता येऊन टेकतील, घरदार बघून जातील. काल, शनिवारी सकाळी मोटारसायकलवरून दोघं उतरले. एक वयस्कर, एक तरुण. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, आणि वयस्कर गृहस्थांनी विचारलं, घरात माणसं किती, कमाई काय, मालमत्ता कुठे कुठे. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे अशा प्रश्नांची उत्तरं बाबांसारखा माणूस कशी देणार?

बाबांनी आसगावचं घर सांगितलं. तळ्याखालची काकांची सगळी धानाची बांधी सांगितली. एवढ्यावर समोरच्यांचा चेहरा बदलला नाही, म्हणून त्यांनी तुमचं बपेऱ्याचं दुमजली घर सांगितलं. ‘ते बी आपलंच हाये,’ म्हणाले. (बहिणीचं ते आपलंच, या अर्थानं म्हणाले असतील, पण तसं त्यांनी खुलासेवार सांगितलं नाही.) वयस्कर गृहस्थ लिहून घेत होते. तरुण भिंती बघत होता. बाबा आत येऊन आईला म्हणाले, ‘हे स्थळ लयच बारीक पाहून राहिलं. घरपट्टीची पावती मांगते.’ आई म्हणाली, ‘मांगू द्या. पोरगी देऊन राहिलो, बकरी नाही.’ आणि तिनं मला शेजारच्या रिताची साडी नेसवून चहा घेऊन पाठवलं.

आत्याबाई, मी पदवीधर आहे, मी तरी ओळखायला पाहिजे होतं. पण मी आधीच ठरवून ठेवलं होतं, की कोणी बघायला आलं तर पहिल्याच भेटीत आपले विचार स्पष्ट सांगायचे. मी कप ठेवले आणि सांगितलं, की हा व्यवहार नाही, दोन कुटुंबांचा विश्वास आहे, आणि आमच्याकडून देण्याघेण्याच्या नावाखाली एक रुपयाही मिळणार नाही. वयस्कर गृहस्थांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘मॅडम, प्रोसेसिंग फी तर लागतेच.’

मंगळवारचा बँकेचा माणूस शनिवारीच आला होता. तरुणानं ज्यांचं नाव चढवायचं आहे त्यांना दारात उभं राहायला सांगितलं, घराचा फोटो काढायचा होता. आई हात पुसत बाहेर आली. फोटोत ती दाराकडे बघते आहे. ते निघताना मी त्यांचा कागद पाहिला. त्यात लिहिलं होतं: कुटुंबाची अन्य पक्की घरं, दोन.

मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. ट्रकांच्या आवाजात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ते म्हणाले, कुटुंबप्रमुखांनी स्वतः सांगितलं आहे, आता प्रमुखांनीच लेखी द्यावं की ते खोटं बोलले. बाबा म्हणतात, ‘मी खोटं काहून बोलन? आसगाव भावाचं, बपेरा बहिणीचं. परके हायेत का?’ बी.कॉम.ला हा भाग नव्हता.

तरी बाबांनी शब्द फिरवलेला नाही. पतसंस्थेची ना-हरकत मिळाली आहे आणि गुरुवारी सकाळी रजिस्ट्री ऑफिसात आईच्या नावाचं बक्षीसपत्र ठरलं आहे. आई साडीला इस्त्री करून आणायला सांगते आणि पुन्हा राहू दे म्हणते. सवलत गेल्याचं बाबांना वाटलं, की गुरुवार गेला.

मामांना नमस्कार सांगा. गुडघ्यावर फार चालू देऊ नका. वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारी आणि स्वतःच्या भोळेपणाची लाज वाटून घेणारी,

तुमची भाची
हर्षा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुमचं घर तुमचंच आहे, तुमच्या भावाचं त्यात काही नाही, असं दोन ओळीत लिहून, घरपट्टीच्या पावतीसोबत जागेश्वरभाऊंच्या हाती परत पाठवाल का? बाबांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल.

दुसरी ता. क., सोमवार, पहाटे. वरचं काही पाठवू नका. बँकेतल्या सरांचा काल रात्री मेसेज आला, वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले होते ना, ते. पहिल्या घराची सवलत घर घेण्यासाठी असते, घेतलेल्या घराचं कर्ज एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यासाठी नसते. आमची दुसरी घरं दोन असोत की एकही नसो, आम्हाला ती सवलत मिळणार नव्हतीच. व्याज कमी होईल, तेवढंच.

मी खोटं बोलणार नाही. बाबांनी विचारलं तर मी खरं तेच सांगेन. पण बाबा असलं काही मला विचारत नाहीत, सही करण्याआधी ते फक्त तुम्हाला विचारतात. बुधवारी रात्री नाहीतर गुरुवारी सकाळी त्यांचा फोन येईलच. तुम्हीही खोटं बोलावं असं मी कशी म्हणेन? फक्त एक विचारते. तुमचं गाव सीमेवर, तिथे कधी महाराष्ट्राची रेंज येते, कधी मध्य प्रदेशची, आणि पुष्कळदा कोणतीच येत नाही, असं तुम्हीच सांगता. तर गुरुवारी दुपारपर्यंत कोणतीच नसली, तर चालेल का?