बोलण्यावरचं कमिशन

प्रिय धाकटे साहेब,

साहेब म्हटलं म्हणून लगेच फुगू नकोस. तू तुझ्या भाऊजींना पाठवलेला नवा फोन पोहोचला. काच गुळगुळीत, कॅमेरे ढीगभर, आणि त्यांच्या कामाचा शून्य. त्या फोनपायी माझ्या घरात एक माणूस मुका होऊन बसलाय. आणि तुझी काटकसर तर काय सांगावी! फोन आणून देणाऱ्याच्या हाती जुना फोन परत द्यायला लावलास आणि वर सूट मिळवलीस. वा रे हुशारी!

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांची वाचा गेली, लिहिणंही गेलं, तेव्हा बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी स्वतः बनवलेलं ॲप त्यांना दिलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलायचा. त्यात शब्दांचे संच विकत घ्यायचे: स्वयंपाकघर, दवाखाना, पाहुणे. ह्यांनी सगळ्यात आधी कुठला घेतला असेल? भांडणाचा! मी जरा बोलायला लागले की फोनमधून ‘पुरे झालं तुझं’, तेही दोनदा दाबून. मी तणतणत स्वयंपाकघरात जायचे आणि तिथे हसायचे. जन्मभर वर्गात भूगोल शिकवून घसा कोरडा केलेला माणूस तो, त्याला निदान बायकोशी भांडता तरी येत होतं.

हे संच मी वर्षभर फोनवरूनच घेत होते. एकदा बाई सहज बोलून गेल्या की त्यांच्या वेबसाइटवर हेच स्वस्त मिळतात. फोनवर महाग, कारण शंभरातले तीस तुमचं, म्हणजे तू नोकरी करतोस त्या कंपनीचं, ॲपचं दुकान कापून घेतं. मग तसं ॲपमध्ये लिहीत का नाही, विचारलं, तर तसं लिहायला तुमच्याच दुकानाची बंदी! मला आधी चेष्टाच वाटली. तू जेवायला आलास तेव्हा मी विषय काढला, तर तू हात पुसता पुसता मला ग्राहकाची सुरक्षितता शिकवलीस. फुकटात दुकान कोण देतं, हेही ऐकवलंस.

अरे, कोणाला शिकवतोस? पडद्यांचं दुकान मी चालवते. कोपऱ्यात मशीन टाकून बसणाऱ्या शिंप्याकडून मीही कमिशन घेते आणि त्याची मला काडीची लाज नाही. जागा माझी, दिवे माझे. पण उद्या तो गिऱ्हाइकाला म्हणाला की घरी या, स्वस्तात शिवून देतो, तर मी फार तर तोंड वाकडं करीन. त्याला दुकानाबाहेर काढून गिऱ्हाइकाचे पडदे कुलपात ठेवणार नाही. आणि तुमचं ते कमिशन भरतं कोण? बाई नाही भरत, आम्ही भरतो, आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही.

खोटं कशाला बोलू, एका भामट्या ॲपने माझे पैसे लाटले तेव्हा तुमच्या दुकानाने ते परत मिळवून दिले होते. त्याचं घ्या की काय घ्यायचं ते, कोण नको म्हणतंय? पण दुसरीकडे स्वस्त मिळतं हे मला कळू नये, ही कसली रे माझी सुरक्षितता? ही निव्वळ लबाडी आहे, आणि तिच्या दारात तुझ्यासारखे टाय लावलेले पहारेकरी उभे आहेत.

शेवटी बाईंनी धीर करून ॲपमध्ये ‘वेबसाइटवर स्वस्त मिळेल’ ही एक ओळ टाकलीच. झालं, तुमच्या दुकानाने अख्खं ॲपच उचकटून फेकून दिलं. ह्यांच्या जुन्या फोनवर ते चालूच होतं, म्हणून आम्ही आपले निवांत. नव्या फोनवर शोधलं तर त्याचा मागमूस नाही. जुना परत मागायला धावले, तर तो कधीच पुसून विकला गेला होता. वेबसाइटवरून संच मिळतात, पण ते बोलून दाखवायला ॲप लागतंच. पैसे मोजून घेतलेले ह्यांचे शब्द असे हवेत विरून गेले.

आता हे टेबलावर टिचक्या मारतात. परवा त्यांना काहीतरी हवं होतं. मी पाणी दिलं, गोळी दिली, खिडकी उघडली, चष्मा पुढे केला. तो त्यांनी भिंतीवर भिरकावला आणि हुंदके देऊन रडले. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हा माणूस असा रडला नव्हता. काय हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून काल तुला फोन केला. तू शांतपणे म्हणालास की ते ॲप तूच काढलंस, भाऊजी तेच वापरतात हे माहीत असतं तरी काढलं असतंस, कारण नियम ग्राहकांच्याच हिताचा आहे. आणि वर मलाच बजावलंस, भाऊजींना जरा नीट समजावून सांग. मी संतापाने फोन आपटला आणि हे लिहायला बसले. मी काहीएक समजावणार नाही. रविवारी तू ये. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस, आणि यात त्यांचं कोणतं हित आहे ते त्यांच्या डोळ्यांत बघून सांग. घाबरू नकोस, ते तुला एका शब्दानेही उलट बोलणार नाहीत.

तुझीच (काय करणार, नाइलाज आहे),
ताई