पट्टे सुटल्यावर

१७ नोव्हेंबर
आले बाई एकदाची. नवी नोकरी, नवं शहर आणि राहायला कंपनीचा नमुना फ्लॅट. इमारतीच्या दाराशी पायऱ्यांऐवजी उतार, वर यायला लिफ्ट, रुंद दारं, बसल्या हाताला येतील अशी बटणं. ज्यांना नीट हालचाल करता येत नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकघरं आखायची, हे माझं काम. पण आधी आठवडाभर त्यांच्यासारखं राहून बघायचं, असा साहेबांचा नियम. त्यासाठी एक सूट आहे. गुडघे नि कोपरं ताठ धरणाऱ्या सळ्या आणि पट्टे, बोटं आखडणारे हातमोजे, मान वळू न देणारी कॉलर. रोज संध्याकाळी काढायचा. दादाला फोन करून सांगितलं. अपघातापासून तो व्हीलचेअरवर आहे. हसला. म्हणाला, तुझे पट्टे संध्याकाळी सुटतात, माझे नाही. एवढं ध्यानात ठेवलंस तरी पुष्कळ झालं.

१८ नोव्हेंबर
फ्लॅटची देखभाल करणाऱ्या काकूंनी सूट चढवला. त्यांचे हात गार आहेत, पण बोलणं लाघवी. कप ओठांपर्यंत जाईना, निम्मा चहा मांडीवर. साबण खाली पडला, त्याच्याकडे नुसती बघत बसले. दुपारी साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि माझ्यादेखत काकूंना विचारलं, हिला बिस्किट चालतं का. दादा नेहमी सांगतो ते हेच. संध्याकाळी पट्टे सुटले आणि मी घरभर उड्या मारल्या. खालच्या मजल्यावर कुणी राहत नाही ते बरं.

२० नोव्हेंबर
सकाळी सूट खुंटीवरच होता, पण त्याचे गुडघे वाकलेले. आत लोखंडी सळ्या आहेत, त्या वाकत नाहीत. काकू म्हणाल्या, वापरून सैल पडला असेल. माझा उजवा गुडघा मात्र सैल पडायचं नाव घेत नाही. आज सूट घालणार नाही म्हणून सांगितलं.

२१ नोव्हेंबर
आता दोन्ही गुडघे. अंगावर काही नाही, तरी पाय ओंडक्यासारखे. डॉक्टर येऊन गेले. दाबून, ठोकून पाहिलं. सांधे ठणठणीत आहेत म्हणाले, मनाचे खेळ. साहेब खूश. इतकी समरस झालेली मुलगी पाहिली नाही म्हणे. मी काकूंना म्हटलं, तो सूट फेकून द्या. त्यांनी तो समोरच्या खुर्चीत आणून ठेवला.
पायावर पाय टाकून बसलाय. मी बसते तसा.

२२ नोव्हेंबर
कोपरं गेली. कॉलर नाही, तरी मान वळत नाही. काकूंनी फोन कानाला धरला. जबडा आवळलेला — दादाला फक्त “ये” म्हणता आलं. उद्या सकाळी पोचतो म्हणाला.
काकूंनी केस विंचरून दिले. घाबरू नका म्हणाल्या, आधीच्या सगळ्या मुली आपल्या पायांनी घरी गेल्या. मग कपाटातून माझा निळा ड्रेस काढून घेऊन गेल्या. कुणासाठी, ते सांगेनात.
समोरची खुर्ची रिकामी आहे.

२३ नोव्हेंबर
पेन मुठीत कोंबलंय — बोटं अजून थोडी —
काकूंनी उघड्या खिडकीशी बसवलं. खाली दादाची गाडी. तो खुर्चीत उतरला. उताराकडे येतोय — आला — दादा आला —
कुणीतरी दारातून बाहेर गेलं. निळा ड्रेस. पाठमोरी. चालणं माझं — डावा खांदा पाडून — भरभर —
दादा हसतोय. म्हणतोय, जीव घाबरा केलास ना वेडे, चांगली चालतेयस की.
ती त्याची खुर्ची ढकलतेय. गाडीकडे.
हाक — तोंड उघडत —
दादा मागे बघ — वर — ती मी न