दोन तयार खाटा

बाई,

मी आणि धाकटी बहीण तुमच्या बालगृहात आलो तेव्हा हॉल मुलींनी भरलेला होता, तरी दाराशेजारच्या दोन खाटा चादर घालून तयार होत्या. त्या आमच्यासाठी नव्हत्या, आम्ही तुम्हाला ठाऊकही नव्हतो. कोणीतरी येईल म्हणून दोन खाटा कायम राखायच्या, हा तुमचा हट्ट. पुढे आम्ही आतल्या रांगेत सरकलो, आणि एका दुपारी कंटाळून मी त्यातल्या एकीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकला. तुम्ही माझा कान धरलात. "रिकामी दिसते म्हणून रिकामी नसते ती. तिचं माणूस वाटेत आहे. उचल." मला भयंकर राग आला होता. धाकटी मात्र आजही पुण्याहून रोज फोन करते, आणि आम्ही एकमेकींच्या राहिलो त्या त्याच दोन खाटांमुळे.

आता मी इथे परदेशात, सँट्रीच्या एका ऑफिसात मुलांच्या संस्थांना नियोजन करून देते. कुठल्या गावी किती मुलं येतील, किती जागा लागतील, ते तक्ते माझे. वॉटरफोर्डच्या एका बालगृहात दोन खाटा वर्षभर रिकाम्या दिसत होत्या. "वापरात नाहीत, तर कशाला ठेवायच्या?" मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कळत होतं, पण वळलं नाही. मी तक्त्यातली त्या खाटांची ओळ खोडली.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या सोशल वर्करचा फोन आला. दोन बहिणी, एक नऊ वर्षांची, एक पाच. "दोघींना एका घरात काहीच नाही का गं? जमिनीवर गादी टाकली तरी चालेल." नव्हतं. थोरलीला गावातच जागा मिळाली, धाकटीला थेट लेटरकेनीला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. गाडीत बसवताना ती ताईचा कोट सोडत नव्हती म्हणे. शेजारच्या टेबलावरची मला समजावते, "यू आर ग्रँड, तू फक्त शीट भरलीस." ग्रँड, म्हणजे सगळं ठीक! इथे छप्पर उडालं तरी ग्रँडच असतं. त्यानंतर मी त्या खाटा दोनदा परत मागितल्या. मिळाल्या नाहीत, मिळणारही नाहीत. त्या पोरी पुन्हा एका घरात येतील असं मला वाटत नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र पाठवणार कुठे? पण पत्ता असता तरी टाकलं नसतं. आमच्या घरात एक खोली जास्तीची आहे, बाई. खाटही आहे. तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग आहे, आणि तो मी अजून उचललेला नाही.