तुतीखालची खाट

४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्यावरची पट्टी काल निघाली. डॉक्टरीणबाईंनी विजेरी लावून नीट पाहिलं आणि आतली जखम भरते आहे असं सांगितलं. दिसतं आहे, पण ओल्या काचेतून पाहिल्यासारखं. आता महिनाभर उन्हाची तिरीप नको, बारीक काम नको, हिरव्या सावलीत पडून राहायचं. मग पुन्हा तपासणी. घड्याळदुरुस्तीच्या बाकावर परत बसायचं की भिंग कायमचं खाली ठेवायचं, ते त्या दिवशी कळेल. हिरवी सावली म्हटल्यावर मला तुझ्या बागेशिवाय दुसरं काय आठवणार? येऊ का?

पत्र मी सांगते आहे, तुझे मेहुणे लिहिताहेत. अक्षराबद्दलची तक्रार त्यांच्याकडे करावी. त्यांचं म्हणणं असं, की मी फार भरभर सांगते आणि मध्येच रडते. पहिलं खरं आहे.

लोभ आहे तसाच दाट राहू दे.

तुझी खारू

८ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

येऊ का म्हणून विचारतेस? तुझी खाट तुतीखाली टाकूनसुद्धा झाली.

ऊन आता मऊ झालं आहे. सकाळी ते कुंपणावरून हळूच उतरतं, द्राक्षवेलावर थोडं रेंगाळतं, आणि तुतीखाली पोचेपर्यंत त्याचं हिरवं पाणी झालेलं असतं. नेचे गुडघ्याला लागताहेत. भोपळ्याचा वेल खिडकीतून थेट शिलाई यंत्रापर्यंत आला आहे. काल एक गिऱ्हाईकबाई माप द्यायला उभ्या होत्या. त्यांनी वेलाचं टोक खांद्यावरून बाजूला केलं आणि नवी मदतनीस फारच लगट करते म्हणाल्या. दुपारी सगळं थबकतं. एखादं पिवळं पान सुटतं आणि खाली यायला इतका वेळ लावतं, की मी हातातला टाका विसरते.

एक फांदी छपरावर टेकली आहे, म्हणून गुरुवारी झाडं छाटणारे काका येताहेत. मला त्या दिवशी कोट पोचवायला जायचं आहे. पण काळजी नको, तुझ्या बाजूच्या फांद्यांवर मी खडूने रेघा मारून ठेवल्या आहेत.

मेहुण्यांचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, त्यांना सांग. प्रकृतीला जप आणि माझ्यावर रुसत जा अधूनमधून, सवय मोडायला नको.

तुझी ताई

११ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचून दाखवलं. भोपळ्यापाशी मला झोप लागली असं हे म्हणतात. झोपले नव्हते, बागेत फिरत होते. डोळे मिटले की तुझं फाटक उघडतं, पायाखाली ओलं शेवाळ लागतं, मी तुतीवर चढलेली असते आणि फ्रॉक फाटेल म्हणून तू खालून ओरडत असतेस. फाटला की शिवायचीसही तूच. शुक्रवारी, बावीसला, निघते.

हे खालचं मोठं, वाकडं अक्षर माझं. हे चहा टाकायला गेलेत. ताई, यांचं मनगटी घड्याळ बंद पडलंय. काल किल्ली देऊन कानाला लावलं, तर चाक कुठे अडतंय ते ऐकू आलं. पण झाकण उघडायला हात धजला नाही. दिसलंच नाही तर? यांना सांगू नकोस.

तुझी खारू

१५ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

छाटणी झाली आणि घात झाला. आमच्या शिवणकामात खडूची रेघ म्हणजे हद्द, तिच्या आत कात्री जात नाही. जन्मभर तेच केलं, म्हणून झाडावरही तेच केलं. काकांच्या कामात खूण केलेली फांदी तोडायची असते. मी परतले तेव्हा तुझ्या बाजूच्या तिन्ही फांद्या जमिनीवर, आणि छपरावरची मजेत छपरावर. काका कपाळाला हात लावून पायरीवर बसले होते. जाताना एक शब्द बोलला असतात तर, म्हणाले. तुझ्या खाटेवर लख्ख ऊन पडलं होतं. मला तिकडे बघवेना.

मग यंत्रापाशी बसले. कोटांच्या अस्तरांचे उरलेले तुकडे होते, शेवाळी, करडे, एक गर्द हिरवा. ते दुहेरी जोडून मोठं छत शिवलं. आज काकांनी दोऱ्या बांधून दिल्या. मी खाली पडून पाहिलं. वाऱ्यानं कापड फुगतं, पुन्हा बसतं, आणि उरलेल्या पानांच्या सावल्या त्यावरून पोहत जातात. उठले तेव्हा चहा गार झाला होता आणि पोटावर एक पान येऊन पडलं होतं.

पण ही कापडाची सावली. कडेनं उजेड शिरतो. डॉक्टरीणबाईंना विचारूनच ये. नको म्हणाल्या तर मी रागावणार नाही. रागावायचं तेवढं स्वतःवर रागावून झालं आहे.

माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

१८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली. यांनी डॉक्टरीणबाईंना तुझं पत्रच वाचून दाखवलं. खडूपाशी त्या हसल्या, कापडापाशी गंभीर झाल्या, आणि दुहेरी अस्तर चालेल, फक्त काळा चष्मा काढायचा नाही, असं म्हणाल्या. सहा ऑक्टोबरची तपासणी तुझ्या गावातल्या डॉक्टरांकडे करायची, तशी चिठ्ठी दिली आहे.

माझं वाकडं अक्षर यांनी पाकीट बंद करताना वाचलं होतं. तेव्हापासून मला सारखे वेळ विचारतात, घड्याळ बंद आहे ना म्हणून. आणि काल ते गुपचूप माझ्या पिशवीत ठेवलं. मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

आता एक काम कर. छताला, माझ्या उजव्या हाताच्या वर, घड्याळाच्या तबकडीएवढं भोक ठेव, हातातल्या कामावर उजेड पडेल असं. त्यावर बटणाचं झाकण शिव. तपासणीपर्यंत झाकण बंद आणि घड्याळ उशीखाली. डॉक्टर हो म्हणाले, तर बटण तू काढायचंस. नाही म्हणाले, तर भोक शिवून टाक आणि मला काज करायला शिकव. काज बोटांना चाचपूनही जमतं, असं तूच म्हणायचीस.

शुक्रवारी दुपारी पोचते. फाटक उघडं ठेव.

तुझी खारू

ता. क. बटण मोठं लावा, सहज निघेल असं. – लेखनिक